पिगली विगलीचं गाव

गल्लीतल्या वाण्याच्या दुकानात गेल्यावर काय होतं ते आठवा. दुकानाच्या तोंडाशी एक काचेचं कपाट. अलीकडे आपण, पलीकडे काका. "काका, अर्धा किलो साखर, पाव किलो शेंगदाणे आणि एक साबण." "कुठला साबण?" "नेहमीचा." काका पोत्यातून साखर काढतात, वजन करतात, पुडी बांधतात, मग वळून मागच्या फळीवरचा साबण काढतात. तेवढ्यात कोणीतरी आपल्या खांद्यावरून हात घालून "काका, एक माचिस" म्हणतो, त्याला माचिस मिळतेसुद्धा, आणि आपण अजून तिथेच उभे!

म्हणजे या व्यवहारात सगळी धावपळ काका करतात. आपण फक्त बोलतो. याउलट सुपरमार्केटमध्ये गेलं की ट्रॉली आपण ढकलतो, वस्तू आपण शोधतो, किंमत आपण वाचतो आणि शेवटी रांगेतही आपणच उभे राहतो. दुकानातल्या माणसाचं काम आपल्या गळ्यात कधी पडलं? आणि ते आपण एवढ्या आनंदाने कसं काय घेतलं?

हा प्रश्न मला पडला तो प्लँट लेआउटच्या लेक्चरला. शेवटचा तास होता, अर्धा वर्ग पेंगत होता. सरांनी लेआउटचं उदाहरण म्हणून कारखाना सोडून एका किराणा दुकानाचं पेटंट सांगितलं. किराणा दुकानाचं पेटंट! माझी झोप उडाली. लायब्ररीत आणि नेटवर शोधत गेले तेव्हा कळलं की ही सगळी गोष्ट एका गावाभोवती फिरते, आणि ते गाव न्यूयॉर्क किंवा शिकागो नाही. ते आहे मेम्फिस.

मेम्फिस हे अमेरिकेच्या टेनेसी राज्यातलं, मिसिसिपी नदीच्या काठावरचं मध्यम आकाराचं शहर. २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या सुमारे ६ लाख ३३ हजार होती. एकेकाळी कापसाची मोठी बाजारपेठ, नंतर एल्विस प्रेस्लीचं गाव म्हणून प्रसिद्ध. पण आपल्यासारख्यांनी ते लक्षात ठेवावं असं खरं कारण म्हणजे सेल्फ सर्व्हिस किराणा दुकान. ते इथे घडलं, इथेच बिघडलं, आणि त्याच्या पुढच्या काही आवृत्त्यांचे प्रयोगसुद्धा इथेच झाले.

काउंटरच्या दोन बाजू

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मेम्फिसमधलं किराणा दुकान आपल्या वाण्याच्या दुकानासारखंच होतं. लाकडी काउंटर, मागे फळ्या, खाली पिंपं. पिठापासून बिस्किटांपर्यंत सगळं सुटं. गिऱ्हाईक यादी सांगणार, नोकर माल काढून, तोलून, बांधून देणार. वहीवर उधारी चालायची, माल घरपोच जायचा. या सगळ्या सेवेचा खर्च अर्थातच मालाच्या किमतीत मिसळलेला असायचा.

पण काउंटर ही फक्त लाकडाची फळी नव्हती. कोणाला आधी माल द्यायचा, कोणाला थांबवायचं, कोणाला उधारी द्यायची, कोणाला पिंपाच्या तळाचा माल द्यायचा, हे सगळं पलीकडचा माणूस ठरवायचा. मेम्फिस हे दक्षिणेतलं शहर. तिथे गोरे आणि काळे यांच्यात कायद्याने आणि रिवाजाने भिंत घातलेली होती. अशा ठिकाणी काउंटरच्या पलीकडे कोण उभा आहे याला फार अर्थ होता.

त्याची एक भयंकर गोष्ट आहे. १८८९ मध्ये शहराच्या कडेच्या एका वस्तीत काही काळ्या नागरिकांनी मिळून 'पीपल्स ग्रोसरी' नावाचं सहकारी तत्त्वावरचं दुकान काढलं. ट्रामचे रूळ तिथे वळायचे म्हणून त्या भागाला 'द कर्व्ह' म्हणायचे. दुकानाचा प्रमुख होता थॉमस मॉस, पेशाने पोस्टमन. समोरच एका गोऱ्या माणसाचं जुनं दुकान होतं. नवीन दुकान चांगलं चालायला लागलं तसं त्याचं गिऱ्हाईक तुटलं. मार्च १८९२ मध्ये मुलांच्या गोट्यांच्या खेळावरून भांडण सुरू झालं, ते मोठ्या माणसांत गेलं, गोळीबार झाला. मॉस, कॅल्विन मॅकडॉवेल आणि विल्यम स्ट्यूअर्ट या तिघांना अटक झाली. ९ मार्चच्या पहाटे जमावाने त्यांना तुरुंगातून ओढून नेलं आणि गोळ्या घालून मारलं. दुकान संपलं.

मॉसची एक मैत्रीण मेम्फिसमध्ये वर्तमानपत्र चालवायची. तिचं नाव आयडा बी. वेल्स. तिने लिहिलं की या हत्येमागे धंद्यातली स्पर्धा आहे. काही आठवड्यांनी जमावाने तिचं ऑफिसही फोडलं. पुढे झुंडीने केलेल्या हत्यांविरुद्ध ती आयुष्यभर लढली, आणि त्या लढ्याची सुरुवात एका किराणा दुकानापासून झाली होती. सुपरमार्केटच्या गोष्टीत हे कशाला, असं वाटेल. पण दुकान कोणाचं, आणि ते कुठल्या वस्तीत असावं हे कोण ठरवतं, हा प्रश्न या गावात पहिल्यापासून आहे. तो शेवटी परत येणार आहे.

फिरतं फाटक

आता येतो आपला हीरो. क्लॅरेन्स सॉन्डर्स, जन्म १८८१, व्हर्जिनियातल्या गरीब घरातला. चौदाव्या वर्षी शाळा सोडून दुकानात कामाला लागला. नंतर मेम्फिसमध्ये घाऊक किराणा मालाचा सेल्समन झाला. त्यामुळे त्याने शेकडो दुकानं आतून पाहिली होती. त्याच्या लक्षात आलं की दुकानातल्या नोकरांचा वेळ फार वाया जातो. गर्दीच्या वेळी ते पुरत नाहीत आणि दुपारी रिकामे बसतात. उधारी बुडते ती वेगळीच. अशी दुकानं बंद पडली की त्यांना माल देणारा घाऊक व्यापारीही बुडतो.

सप्टेंबर १९१६ मध्ये त्याने ७९ जेफरसन अव्हेन्यूवर एक दुकान उघडलं आणि नाव ठेवलं 'पिगली विगली'. असलं विचित्र नाव का, असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, लोकांनी हाच प्रश्न विचारावा म्हणून! (मार्केटिंगवाल्यांनी नोंद घ्यावी.)

आत शिरताना एक फिरतं फाटक. आत गेल्यावर हातात टोपली घ्यायची आणि एकाच ठरलेल्या वाटेने चालायचं. रॅकच्या मधून नागमोडी जाणारी ही वाट दुकानातल्या जवळपास ६०० वस्तूंसमोरून नेऊन तुम्हाला शेवटी कॅशियरपुढे सोडायची. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली. उधारी नाही, घरपोच नाही. रोख द्या आणि पिशवी उचला. ९ ऑक्टोबर १९१७ रोजी या रचनेला 'सेल्फ सर्व्हिंग स्टोअर' या नावाने पेटंट मिळालं, क्रमांक १२,४२,८७२.

पेटंटच्या ड्रॉइंगमध्ये दुकानाचे तीन भाग आहेत. पुढे आत येण्या-जाण्याची जागा, मध्ये विक्रीची जागा, मागे मालाचा साठा. वर देखरेखीसाठी गॅलरी, म्हणजे गिऱ्हाइकाला त्रास न देता त्याच्यावर नजर ठेवता येईल. आजच्या सीसीटीव्हीचं काम तेव्हा माणूस गॅलरीत उभा राहून करायचा.

ही गोष्ट एकट्या सॉन्डर्सच्या डोक्यामुळे शक्य झाली असं नाही. सेल्फ सर्व्हिससाठी आधी एक गोष्ट लागते, ती म्हणजे पाकीट. साखर पोत्यात आणि बिस्किटं पिंपात असतील तर कोणीतरी तोलून द्यावंच लागतं. १९०० च्या आसपास अमेरिकेत कारखान्यात पॅक केलेली बिस्किटं, ओट्स, डबाबंद पदार्थ घरोघर पोचायला लागले होते. वजन, गुणवत्ता आणि नाव पाकिटावर आलं तेव्हाच काउंटरमागच्या माणसाला बाजूला करता आलं. त्याचबरोबर आणखी एक बदल झाला. आधी "हा चांगला आहे, घेऊन जा" असं दुकानदार सांगायचा. आता ते काम पाकिटाच्या रंगांना आणि जाहिरातीला करावं लागलं.

लोकांनी हे का स्वीकारलं? एक तर स्वस्ताई. नोकर कमी, उधारीचं नुकसान नाही, म्हणून भाव कमी ठेवता आले. दुसरं म्हणजे मोकळेपणा. हवा तेवढा वेळ पाकीट हातात घेऊन बघता येत होतं. आणि तिसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फिरत्या फाटकातून एका वेळी एकच माणूस जातो, आणि छापलेली किंमत माणूस बघून बदलत नाही. ज्यांना काउंटरवर मुद्दाम ताटकळत ठेवलं जायचं, त्यांच्यासाठी हा फरक लहान नव्हता. अर्थात मेम्फिसमधला भेदभाव काही फाटकाने संपला नाही. पण यंत्रासारख्या नियमाला निदान तोंड बघून वागता येत नव्हतं.

पुढच्या सहा-सात वर्षांत देशभरात पिगली विगलीची १२०० च्या वर दुकानं झाली.

गुलाबी महाल

इथे हीरो घसरतो. १९२२ मध्ये न्यूयॉर्ककडची काही पिगली विगली दुकानं बुडाली. ती दुसऱ्यांनी परवान्यावर चालवलेली होती, पण शेअर बाजारातल्या मंदीवाल्यांनी संधी साधली. त्यांनी कंपनीचे शेअर हातात नसताना विकायला सुरुवात केली. भाव पडला की स्वस्तात घेऊन परत करायचे, असा हिशोब. सॉन्डर्स भडकला. त्याने कर्ज काढून स्वतःच शेअर विकत घ्यायला सुरुवात केली. मार्च १९२३ पर्यंत दोन लाखांपैकी जवळपास सगळे शेअर त्याच्या ताब्यात होते. मग त्याने विकणाऱ्यांना सांगितलं, आणा माझे शेअर! बाजारात शेअरच नाहीत, आणणार कुठून? एका दिवसात भाव १२४ डॉलरपर्यंत चढला.

पण न्यूयॉर्क शेअर बाजाराने व्यवहार थांबवले आणि विकणाऱ्यांना शेअर आणून द्यायला मुदत वाढवून दिली. सॉन्डर्सच्या डोक्यावर कर्ज मात्र तसंच राहिलं. त्याच वर्षी त्याला आपली कंपनी सोडावी लागली. मेम्फिसमध्ये तो गुलाबी संगमरवराचं एक प्रचंड घर बांधत होता, तेही अर्धवट असताना गेलं. पुढे शहराने तिथे म्युझियम केलं, आणि त्यात पहिल्या पिगली विगलीची प्रतिकृती उभारली. ज्या घरात त्याला राहता आलं नाही, तिथे त्याचं दुकान मात्र कायमचं राहायला आलं.

चावीने चालणारं दुकान

आता सगळ्यात इंटरेस्टिंग भाग, खास आपल्या ब्रँचसाठी!

सॉन्डर्सने मध्ये आणखी एक दुकानांची साखळी काढली, पण मंदीत तीही बुडाली. १९३७ मध्ये त्याने मेम्फिसमध्येच नवं दुकान उघडलं. नाव 'कीडूझल', म्हणजे इंग्रजीत 'चावी सगळं करते' या वाक्याचा केलेला चुथडा. आधी त्याने नोकराचं काम गिऱ्हाइकाला दिलं होतं. आता त्याला ते काम यंत्राला द्यायचं होतं.

आत काचेच्या कपाटात प्रत्येक वस्तूचा फक्त एक नमुना. गिऱ्हाइकाच्या हातात एक चावी. हवी ती वस्तू दिसली की तिच्या खालच्या भोकात चावी घालायची, की त्या खरेदीची नोंद कागदाच्या पट्टीवर भोकांच्या रूपात व्हायची. सगळं झालं की पट्टी कॅशियरकडे द्यायची. तिथलं यंत्र पट्टी वाचायचं, त्यानुसार सर्किटं चालू व्हायची, मागच्या गोदामात एकेक वस्तू उतरणीवरून सुटून कन्व्हेयर बेल्टवर पडायची आणि तुमच्यासमोर येऊन थांबायची. बिलाची बेरीजही आपोआप. ट्रॉली नाही, शोधाशोध नाही, चोरीचा प्रश्न नाही. आणि हे १९३७ साली! इनपुट, मेमरी, प्रोसेसिंग, आउटपुट... फर्स्ट इयरला कॉम्प्युटरची जी ब्लॉक डायग्राम काढतो, तीच किराणा दुकानात मांडलेली.

तीनदा प्रयत्न झाला. १९३७, १९३९ आणि १९४८. शेवटचं दुकान १९४९ मध्ये बंद पडलं. यंत्रं सतत बिघडायची, दुरुस्तीचा खर्च झेपायचा नाही, आणि गर्दीच्या वेळी बेल्टवर एकाच्या मालात दुसऱ्याचा माल मिसळायचा.

हे का झालं, याचं एक छोटं गणित करून बघू. समजा एक वस्तू नीट सुटून योग्य माणसापर्यंत पोचण्याची शक्यता ९९ टक्के आहे. ऐकायला उत्तम वाटतं. पण यादीत ३० वस्तू असतील तर अख्खी यादी बरोबर येण्याची शक्यता ०.९९ चा ३० वा घात, म्हणजे साधारण ०.७४. दर चार गिऱ्हाइकांत एकाच्या पिशवीत काहीतरी घोटाळा! (९९ आणि ३० हे आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत.) रिलायबिलिटीच्या चॅप्टरमध्ये सिरीजमध्ये जोडलेल्या सिस्टीमचं जे सूत्र पाठ करतो, ते हेच. प्रत्येक पायरी चांगली असून चालत नाही, ती जवळजवळ परिपूर्ण असावी लागते. वस्तूमागे ९९.९९ टक्के असेल तर तीच यादी ९९.७ टक्के वेळा बरोबर येते.

आणि माणूस? वाण्याच्या हातूनही चूक होतेच. पण चुकीचा साबण उचलला तर त्याला तो दिसतो, किंवा आपण ओरडतो, "अहो काका, तो नाही!" म्हणजे दर पायरीला फीडबॅक आहे. कीडूझलच्या बेल्टला आपण काय वाहून नेतोय हे कळतच नव्हतं. कंट्रोलच्या भाषेत ओपन लूप सिस्टीम. वस्तू स्वतःची ओळख सांगेल अशी सोय, म्हणजे बारकोड, दुकानात पहिल्यांदा स्कॅन झाला तो २६ जून १९७४ रोजी, ओहायोतल्या ट्रॉय गावी, च्युइंग गमच्या पाकिटावर. ट्रान्झिस्टरचा शोधच डिसेंबर १९४७ चा. सॉन्डर्सची कल्पना बरोबर होती, पण तिला लागणारे पार्ट अजून तयारच झाले नव्हते.

तरी गडी थांबला नाही. १९५३ मध्ये वारला तेव्हा तो 'फूडइलेक्ट्रिक' नावाच्या नव्या दुकानावर काम करत होता. त्यात गिऱ्हाईक स्वतःच स्वतःचं बिल करणार होतं. ते दुकान उघडलंच नाही. आज सेल्फ चेकआउटच्या मशीनपुढे उभे राहून आपण नेमकं तेच करतो.

मोठ्या माशांचं तळं

तोपर्यंत बाहेर जग बदललं होतं. पिगली विगली हे सेल्फ सर्व्हिसचं दुकान असलं तरी आकाराने लहानच होतं. आज आपण ज्याला सुपरमार्केट म्हणतो, म्हणजे अवाढव्य जागा, भरपूर माल, कमी भाव आणि बाहेर पार्किंग, त्याचं पहिलं उदाहरण म्हणून बहुतेक वेळा १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात उघडलेल्या 'किंग कलन'चं नाव घेतात. ते काढणारा मायकेल कलन हा आधी 'क्रोगर' या कंपनीत नोकरीला होता. हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं, हे बघून १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने चाकांवरची ट्रॉली आणली. म्हणजे कीडूझल आणि ट्रॉली एकाच वर्षातल्या! एकात बुद्धी ओतलेली, दुसऱ्यात चार चाकं लावलेली. जिंकली चाकं.

पण चाकं जिंकली याचा दुसरा अर्थ असा की मोटारगाडी जिंकली. पिशवीभर सामान हातात घेऊन घरी चालत जाता येतं, ट्रॉलीभर सामान घेऊन नाही. दुकानाला पार्किंग लागलं, पार्किंगला स्वस्त मोकळी जागा लागली, आणि दुकानं गावाच्या मध्यातून बाहेर सरकली. मेम्फिस पूर्वेकडे पसरत गेलं, तशी सुपरमार्केटंही तिकडे गेली.

मालकही बदलत गेले. 'सीसल्स' हे मेम्फिसचं स्वतःचं, एकोणिसाव्या शतकात सुरू झालेलं कौटुंबिक दुकान. १९९० च्या दशकात ते बाहेरच्या 'ब्रुनोज' कंपनीकडे गेलं. १९९८ मध्ये 'अल्बर्टसन्स'ने घेतलं, २००२ मध्ये सेंट लुईसच्या 'श्नक्स'ने, आणि २०११ मध्ये श्नक्सने मेम्फिसमधून काढता पाय घेतला तेव्हा दुकानं क्रोगरला विकली. क्रोगर म्हणजे तीच कंपनी, जी कलनची जुनी मालक. शेजारच्या आर्कान्सा राज्यातून आलेली वॉलमार्ट ही दुसरी मोठी खेळाडू. पंधरा वर्षांत एकाच इमारतीवर चार पाट्या! गावातल्या लोकांना फक्त पाटी बदललेली दिसते. पण दर वेळी दुकान चालू ठेवायचं की बंद करायचं हे ठरवणारा माणूस आणखी लांब जातो.

२०१८

याचा परिणाम काय होतो ते २०१८ मध्ये दिसलं. जानेवारी २०१८ मध्ये सिअॅटलला ॲमेझॉनचं एक दुकान सगळ्यांसाठी खुलं झालं. त्यात कॅशियरच नव्हता. कॅमेरे आणि सेन्सर बघणार तुम्ही काय उचललं, आणि पैसे आपोआप कापले जाणार. जगभर बातम्या झाल्या. नंतरच्याच महिन्यात, फेब्रुवारी २०१८ मध्ये, क्रोगरने मेम्फिसमधली दोन सुपरमार्केटं बंद केली. एक दक्षिणेकडच्या साउथ थर्ड स्ट्रीटवर, दुसरं ऑरेंज माउंड वस्तीजवळ लामार अव्हेन्यूवर.

ऑरेंज माउंड ही साधी वस्ती नाही. १८९० मध्ये काळ्या लोकांनी स्वतःची घरं घेऊन वसवलेली ही अमेरिकेतली अशा प्रकारची पहिली वसाहत समजली जाते. दुकान तोट्यात आहे, हे कंपनीचं कारण. किराणा धंद्यात नफ्याचं प्रमाण अगदी कमी असतं, शंभराच्या विक्रीमागे एक-दोन, त्यामुळे हिशोबाच्या दृष्टीने ते खोटं म्हणता येत नाही. पण गाडी नसलेल्या म्हातारीला ताजी भाजी आणायला दोन बस बदलाव्या लागणार असतील, तर तिच्या हिशोबाचं काय? अमेरिकेत अशा भागांना 'फूड डेझर्ट' म्हणजे अन्नाचं वाळवंट म्हणतात. शहरात सुपरमार्केट एक मैलापेक्षा लांब असणं ही त्याची एक नेहमीची मोजपट्टी. म्हणजे ज्या शहराने जगाला सेल्फ सर्व्हिस दुकान दिलं, तिथेच काही वस्त्यांना सर्व्ह करायला दुकान उरलं नाही.

गोष्ट सव्वाशे वर्षांनी परत 'पीपल्स ग्रोसरी'च्या प्रश्नाशी आली. तेव्हा दुकान जमावाने संपवलं, आता ताळेबंदाने. दोन्ही सारखे आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. पण दोन्ही वेळी त्या वस्तीत दुकान असावं की नसावं हे वस्तीतल्या लोकांनी ठरवलं नाही.

पट्टा आणि मुलगा

हे सगळं वाचून झाल्यावर मला आमच्या इथलं एक दुकान वेगळं दिसायला लागलं. आपल्याकडे हा सगळा प्रवास फार भरभर झाला. २००१ मध्ये बिग बझार सुरू झालं, २००२ मध्ये पवईला पहिलं डी-मार्ट, २०२२ मध्ये बिग बझार संपलंसुद्धा. आता ॲपवर बोट ठेवलं की काही मिनिटांत सामान दारात. त्यासाठी गल्लीबोळांत 'डार्क स्टोअर' झाली आहेत. आत रॅक, माल, दिवे सगळं आहे, फक्त गिऱ्हाइकाला प्रवेश नाही.

माझ्याबरोबर शाळेत असलेला एक मुलगा अशाच एका ठिकाणी पिकर म्हणून कामाला आहे. त्याला विचारलं, नेमकं काय करतोस? तो म्हणाला, "ऑर्डर आली की हातातल्या मशीनवर रॅकचा नंबर येतो. तिथे पळायचं, वस्तू काढायची, स्कॅन करायची. बरोबर असेल तर पुढचा नंबर. चुकलं तर मशीन ओरडतं. सगळ्याला सेकंद मोजलेले."

मी थक्क झाले, कारण हे कीडूझल आहे! तीच काचेआडची वस्तू, फक्त काच आता मोबाईलची. तीच यादी, तेच गोदाम. बारकोड स्कॅन केल्यामुळे प्रत्येक पायरीला फीडबॅक मिळतो, म्हणून ९९ चे ९९.९९ झाले. सॉन्डर्सला जे जमलं नाही ते जमलं. फक्त एका गोष्टीत फरक आहे. त्याच्या दुकानात जिथे कन्व्हेयर बेल्ट होता, तिथे आपल्या दुकानात माझा मित्र पळतोय. बेल्टपेक्षा तो स्वस्त पडतो, आणि बिघडला तर दुरुस्त करावा लागत नाही, दुसरा मिळतो.

मेम्फिसच्या या शंभर वर्षांतून मला एवढंच कळलं की दुकानातलं काम कधीच नाहीसं होत नाही, ते फक्त हात बदलतं. नोकराकडून गिऱ्हाइकाकडे, गिऱ्हाइकाकडून यंत्राकडे, यंत्राला झेपलं नाही तर परत माणसाकडे, पण या वेळी भिंतीमागे, आपल्याला दिसणार नाही अशा ठिकाणी. भाव कमी झाला की आपल्याला आनंद होतो, आणि व्हायलाही हवा. सॉन्डर्समुळे गरीब घरांत खरंच स्वस्त अन्न गेलं. पण भाव कमी झाला म्हणजे कुठलं काम कोणी उचललं, आणि कोणाच्या गल्लीतलं दुकान गेलं, हे दोन प्रश्न विचारायला हवेत. आणि ते विचारायची जबाबदारी आपली जास्त आहे, कारण दोन वर्षांनी अशा सिस्टीम डिझाईन करायला आपल्यातलेच काही जण बसणार आहेत.

परवा आईने सांगितलं म्हणून साखर आणायला गेले. पाकीट घरी विसरलं होतं आणि मोबाईल बंद पडला होता. काका म्हणाले, "जा गं, नंतर दे." आणि वहीत लिहिलं. ही वही सॉन्डर्सच्या पेटंटमध्ये नव्हती. ती त्याने खर्च म्हणून काढून टाकली होती.